सामाईक वाढदिवस

प्रिय पप्पा,

हे पत्र मी पाच महिने टाळलं. आधी म्हटलं नांदगावहून लिहू, तिथे मैत्रिणीच्या कापडदुकानात वेळच वेळ होता. मग सर्व्हेच्या कामाला लागले. जीपमध्ये वही गुडघ्यावर ठेवली की नेमका खड्डा यायचा. सगळ्या थापा. खरं म्हणजे लिहायला बसले की तुमचा राग यायचा, आणि गेलेल्या माणसावर रागावून पत्र कसं लिहितात ते बारावी नापास मुलीला कोण शिकवणार?

पण उद्या माघ पौर्णिमा. आज नाही लिहिलं तर राहिलंच.

आईने परवा फोन करून बोलावून घेतलं. तुम्ही गेल्यापासून विहारातले वाढदिवस बंद पडलेत. आता कॉलनीचं म्हणणं पडलं की यादी मी वाचायची. मी! "तुझ्या बापाचं काम आहे, दुसरं कोण करणार?" आई म्हणाली. जसं काही मला ते माहीतच नव्हतं.

दर पौर्णिमेला त्या महिन्यातली कॉलनीतली सगळी पोरं विहारात एका रांगेत. खिरीचं पातेलं एकच. तुम्ही वहीतून नाव वाचायचात, पोरगं पुढे येऊन बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावायचं. "फुंकून विझवायची कसली? वाढदिवसाला लावायची असते," म्हणायचात. ओझरच्या कारखान्यातून पहिली पाळी करून यायचात, पांढरा शर्ट चढवायचात, आणि कोणाच्या घरी केक परवडतो, कोणाच्या नाही, हे एकाही पोराला कळायचं नाही. कल्पना चांगलीच होती हो. मला फक्त एक दिवस तुम्ही एकटीला हवे होतात.

आमच्या माघात सात पोरं. माझं नाव कायम सातवं. का, तर स्वतःच्या मुलीला आधी बोलावलं तर लोक काय म्हणतील! पहिल्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून तुम्ही दोन मिनिटं बोलायचात. माझ्यापर्यंत येईतो खीर निवायला लागायची, बायका पातेल्याकडे बघायच्या, आणि तुम्ही वही मिटता मिटता माझं नाव घ्यायचात. वाचायचातसुद्धा नाही.

आईने काल घरोघरचे फोटो गोळा केले, विहाराच्या भिंतीवर लावायला. नामकरणाला तुम्ही, घरभरणीला तुम्ही, दहावीच्या पेढ्यांना तुम्ही. कोणाचं तरी बाळ हातात घेऊन इतके हसताय की पडलेला दात दिसतोय. आपल्या घरी असे हसला होतात कधी? मी एकाच फोटोत आहे. म्हणजे माझा हात आहे, काडेपेटी धरलेला. लाखेच्या बांगडीवरून ओळखला. तिच्या जोडीची मी सिन्नरच्या बसमध्ये खिडकी उघडताना फोडली, आणि शेजारची बाई तुकडे वेचत राहिली, कोणाच्या पायात जातील म्हणून... असो. भरकटले.

आता ती गोष्ट.

मी नऊ वर्षांची होते. यादीत अस्मिताचं नाव पहिलं असायचं. तिला वडील नव्हते, म्हणून तिच्याशी तुम्ही जरा जास्तच बोलायचात. ती तुम्हाला पप्पा म्हणायची आणि तुम्ही ओ द्यायचात! तुम्ही यादी पेन्सिलीने लिहायचात. आदल्या दिवशी मी खोडरबर घेतला आणि तिचं नाव खोडलं.

तुम्ही सहाच नावं घेतलीत. नवा फ्रॉक घातलेली अस्मिता रांगेत तशीच उभी. खीर वाढायला सुरुवात झाली तेव्हा कुठे तुमचं लक्ष गेलं. तुम्ही तिच्यापुढे खाली बसलात आणि सगळ्यांसमोर स्वतःचे कान धरलेत. "चुकलं गं बाळा माझं."

आणि मग? तिला स्कूटरवर पुढे उभी करून बेकरीत नेलंत आणि केक घेऊन दिलात. जन्मात एकदाच केक घेतलात तुम्ही, तो तिच्यासाठी. आणि तोही माझ्यामुळे!

पुढच्या वर्षीपासून तुम्ही यादी पेनाने लिहायला लागलात. म्हणजे तुम्हाला कळलं होतं ना, पप्पा? मग रागावला का नाहीत? मला रागवायला तरी दोन मिनिटं दिली असतीत.

तुम्ही गेलात त्या दिवशी अस्मिता नाशिकरोडहून धावत आली आणि "माझे पप्पा गेले" म्हणत तुमच्या पायाशी बसली. मला रडू यायच्या आधी राग आला. पाणी प्यायचं निमित्त करून मी आत निघून गेले. तिथेही माझा नंबर शेवटचाच.

उद्या ती येणार आहे खीर वाढायला. मी यादी वाचणार, पण त्याआधी सगळ्यांसमोर सांगणार की त्या वर्षी चूक पप्पांची नव्हती, नाव मी खोडलं होतं. हे वचन. अस्मिता काय म्हणेल माहीत नाही. कदाचित उठून जाईल. जळणं गेलंय असं मात्र लिहीत नाही. अजूनही वाटतंच आहे की त्या गोळा केलेल्या फोटोंत तुमच्याजवळ माझ्यापेक्षा तीच जास्त का.

थांबा, दारात कोणीतरी आलंय.

सुरगाण्याकडचं जोडपं आहे. द्राक्षांच्या खुडणीला आलेत, बरोबर पाचेक वर्षांची मुलगी. आई त्यांना ओळखत नाही. मागच्या हंगामात म्हणे तुम्ही त्यांना विहाराच्या नळावर भेटलात आणि पुढच्या माघात पोरीला घेऊन या म्हणालात. "साहेब हायेत का? पोरीचं नाव लिवायचं व्हतं," बाप विचारतोय. जन्मतारीख? ते ठाऊक नाही, इथेच झाली, खुडणीत.

तुम्ही गेलात हे त्यांना माहीतच नाही. आई माझ्याकडे बघतेय.

अजून एक वाटेकरीण, पप्पा! तुमची यादीची वही घेऊन बाहेर जाते.

तुमची,
सुजाता