बिनचिठ्ठीचे डबे

मंगळवार, ४ मार्च

चिमणे,

आजीचे पोतंभर आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा त्याच्या मर्जीप्रमाणे आहे. तुझा बाप बरा, तुझी आई बरी. तुझ्या खोलीत तुझ्या बापाने सायकल उभी केलीय, रागावू नकोस. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या घरात फोन म्हणजे सगळ्यांच्या मधोमध. मी एक वाक्य बोलले की तुझी आई तिकडून दोन जोडते. शिवाय मला लिहायला आवडायला लागलंय. चौथीनंतर सुटलेलं पेन तूच हातात दिलंस, आता अक्षर वाकडं आलं तर तुझं तू बघ.

आपल्या बायकांच्या मंडळाचं बिनपाकिटाचं दुकान जोरात आहे. तू गेलीस तेव्हा बारा डबे होते, आता बावीस झालेत. इस्त्रीवाल्याच्या त्या जुन्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. लोक बरण्या आणतात, बाटल्या आणतात. एक जण तांदळाला उशीचा अभ्रा घेऊन आला, म्हणाला घरात दुसरं रिकामं काही सापडलं नाही. भरून दिला. वर म्हटलं, झोपायच्या आधी बदल रे बाबा.

झाडूवाली सांगत होती, गटाराच्या तोंडाशी पूर्वी रोज तीन पोती पाकिटं आणि पिशव्या निघायच्या, आता अर्धं पोतं निघतं. तू म्हणतेस पृथ्वी तापतेय. ते एवढ्या मोठ्या मापात मला कळत नाही. पण गेल्या पावसाळ्यात गटार तुंबलं नाही आणि तळमजल्यावर पाणी शिरलं नाही, हे माझ्या पायांना कळलं. मग मी म्हटलं पोरगी खरं बोलत असणार.

डब्यांवर चिठ्ठ्या अजून नाहीत. शिंपिणीने पुन्हा विषय काढला होता. ती मंडळाची प्रमुख झाल्यापासून तिला सगळ्यावर काहीतरी लिहावंसं वाटतं. मी म्हटलं, बाई, चिकटवायचं लेबल म्हणजे परत प्लास्टिकच, आणि साधा कागद ओल्या हाताने दोन दिवसांत जातो. मी कशाला आहे? झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं, झालं. बायका हसल्या आणि माझंच चाललं. लोक मुद्दाम बघायला येतात गं. डोळे बांधून मी पाच पिठं ओळखते म्हणून. बावीस तारखेला दुसऱ्या गावाहून पंचवीस माणसं येणार आहेत, त्यांनाही असंच दुकान काढायचंय. त्यांच्यापुढे आजीचं नाक दाखवायचं ठरलंय. तुझ्या बापाने मला त्या दिवसासाठी नवी चप्पल आणली, नाकासाठी चप्पल कशाला ते त्यालाच माहीत.

बाकी विशेष नाही. म्हणजे एक लहानसं झालं. कोपऱ्यावरचे घड्याळजी दोन दिवस दवाखान्यात होते. एकटा माणूस, चहाला दुधाची पावडर वापरतात. त्यांच्या दुधाच्या बरणीत भांडी घासायची पावडर गेली. दोन्ही पांढऱ्या. समोर कुणाचं तरी घड्याळ उघडं पडलेलं, त्यांनी न बघता चहा ढवळला आणि गार झाल्यावर एका दमात प्यायले. घसा भाजला. आता घरी आहेत, बोलतात, गिळायला त्रास होतो एवढंच. मंडळाने बैठक घेतली. त्या दिवशी सकाळची पाळी धांदलची होती, म्हणून तिला दुकानातून काढलं. तुला आठवत असेल, गिरणीमागे आईबरोबर राहते ती, चालता चालता वेणी घालते म्हणून सगळे धांदल म्हणतात. तीही म्हणाली, माझ्याच हातून झालं असेल. मिटलं. मिटलेलं तू उकरत बसू नकोस.

आणि एक. तुझ्या शहरात नाक तपासणारे डॉक्टर असतात का? एका शेजारणीसाठी विचारते.

तुझी,
दुकानदार आजी


बुधवार, १२ मार्च

चिमणे,

पत्र मिळालं. खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं. मीही आहे. चार पानांत तू तीन वेळा एकच विचारलंस, बरण्या नक्की कुणी भरल्या. तुझ्या बापाची लहानपणी हीच सवय होती, दातात धरलेलं सोडायचा नाही. सांगते, धीर धर. आधी दुसरं सांगू दे.

शेजारीण बिजारीण कुणी नाही. नाक माझंच. थंडीत तो ताप आला होता ना, त्याबरोबर वास गेला तो आलाच नाही. आधी वाटलं सर्दी असेल. मग एक दिवस मी शेगडीशेजारी बसून भाजी निवडत होते आणि दूध उतू जाऊन जळून काळं झालं. तुझी आई पार गच्चीवरून धावत आली. म्हणाली, सासूबाई, झोप लागली होती का? मी म्हटलं, हो, डोळा लागला. डोळा टक्क उघडा होता गं.

मग दुकान कसं चालवते, असं विचारशील. डबे ओळीने मीच लावलेत, कुठला कुठे ते पाठ आहे. डबा हलवला की डाळीचा आवाज निराळा, साखरेचा निराळा. पिठं बोटांत चोळली की कळतात. झाकण उघडल्यावर नाक मात्र खाली नेते आणि डोळे मिटते. लोकांना तेच बघायचं असतं. ते खूश होतात आणि त्यांना खूश बघून मी खूश. असे तीन महिने गेले. हे तुझ्या आईला माहीत नाही, शिंपिणीला नाही, कुणालाच नाही.

हल्ली मला एका जागी बसवत नाही. बसले की उठते, उठले की बावीस डबे पुसते, पुसून झाले की वाटतं पहिला नीट पुसला नाही. तुझा बाप म्हणतो, आई, जरा टेक. टेकले की घड्याळजींची खोली डोळ्यांपुढे येते, म्हणून परत उठते.

त्यांना मी रोज दुपारी सूप नेऊन देते. गार करून, कारण गरम उतरत नाही. चमचा चमचा पितात आणि मधेच धांदलवर घसरतात. काय काय बोलतात ते लिहिण्यासारखं नाही. असल्या पोरीला माणसांच्या खाण्याला हात लावू देऊ नये, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. मी वाटी धरून बसते आणि मान हलवते. न हलवावी तर विचारतील, का हो, तुम्हाला नाही पटत?

परवा बाजारातून येताना पाकीटवाल्याच्या दुकानात धांदल दिसली. तोच पाकीटवाला, जो म्हणतो बंद पाकिटातच माणूस सुरक्षित. त्याच्याकडे लागलीय. मेणबत्ती पेटवलेली, आणि ती प्लास्टिकच्या पिशव्यांची तोंडं तिच्यावर धरून चिकटवत होती, एकामागून एक, भराभर. आपल्या दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पिशवी नको म्हणून सांगणारी ती पोरगी. तिने मला बघून हात हलवला. मी माझ्या चपलेकडे बघत पुढे गेले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. पण पान संपलं.

आजी


शनिवार, २२ मार्च, सकाळ

चिमणे,

आशीर्वाद, खुशाली सगळं आहे, ते धरून चाल. मागच्या वेळी पान संपलं नव्हतं. पाठ कोरी होती.

बरण्या मी भरल्या.

त्या सकाळी धांदलच्या आईला चक्कर आली म्हणून बोलावणं आलं. पाळीवरच्या बाईने दुकान सोडायचं नाही असा मंडळाचा नियम आहे. मी म्हटलं, जा तू, अर्धा तास मी बघते, कुणाला कळतंय. घड्याळजी दोन बरण्या ठेवून गेले होते, अगदी एकसारख्या, एक दुधाच्या पावडरीला, एक भांड्यांच्या. मी दोन्ही भरल्या, बरोबर भरल्या, पुसून शेजारी शेजारी ठेवल्या. तेवढ्यात कुणी डाळीला आलं, त्यांच्याशी गप्पांत रंगले. तुला माहीतच आहे, माझं तोंड सुरू झालं की हात काय करतात ते मला कळत नाही. परत वळले तर दोन पांढऱ्या बरण्या समोर, आणि कुठली कुठली ते आठवेना.

खाण्याचं वरच्या फळीवर ठेवायचं, धुण्याघासण्याचं खालच्या, तिथूनच लोक संध्याकाळी आपापलं उचलतात. मी एक बरणी उचलली, झाकण काढलं आणि नाक खाली नेलं. तेव्हा दुकानात कुणी नव्हतं गं. तरी नेलं. भांड्यांच्या पावडरीला लिंबाचा वास असतो, आंधळ्यालाही कळावा एवढा. मला काहीच आलं नाही. बोटावर चिमूट घेऊन जिभेला लावली असती तरी कळलं असतं, पण मनात म्हटलं, मला का जिभेला लावायची वेळ आलीय? वास नाही, म्हणजे दूधच, असं मीच ठरवलं आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली.

बैठकीत मी पुढच्याच खुर्चीवर होते. शिंपिणीने वहीत बघून धांदलचं नाव घेतलं. मी पदराशी खेळत बसले. ती म्हणाली, माझ्याच हातून झालं असेल. मी मनात म्हटलं, बघ, तिलाच आठवत नाहीये. किती बरं वाटलं मला, ते तुला सांगायलाही लाज वाटते.

गुरुवारी तिच्या घरी गेले. ती आईचे केस विंचरत होती. मी अजून दारातच होते, तर ती म्हणाली, "आजी, मला सगळं माहीतय. मी परत आले तेव्हा त्यांच्या दोन्ही बरण्या भरून फळीवर होत्या."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस?

ती केस विंचरतच राहिली. "मी धांदलच. माझ्याकडून झालं म्हटलं की कुणाला नवल वाटत नाही, चार दिवसांत विसरतात. तुमच्याकडून झालं म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासून कुणी बरणी घेऊन येणार नाही. पाकीटवाला तर वाटच बघतोय. दुकान चालू राहू दे, आजी. तुम्ही काही बोलू नका."

मला तिचा राग आला. एवढीशी पोर मला सांभाळून घेते म्हणून. घरी येईपर्यंत राग पुरला, मग माझ्यावर उलटला. आणि चिमणे, खोटं कशाला बोलू, दोन दिवस मी तिचं म्हणणं गोड मानून घेतलं. दुकानासाठी गप्प बसायचं, असं स्वतःला सांगितलं. पण ते दुकानासाठी नव्हतं. एवढं आयुष्य गेलं, लोकांनी मला विचारलं ते स्वयंपाक झाला का एवढंच. दुकानात बसल्यापासून विचारतात, आजी, हे कुठलं, आजी, यातलं चांगलं कुठलं, आणि मी सांगेन ते खरं धरतात. ते जाईल म्हणून जीव तुटतो, दुसरं काही नाही.

आज उजाडल्यावर घड्याळजींकडे गेले. सूप नेलं नाही. उभ्यानेच सांगितलं, नाकापासून बरणीपर्यंत सगळं. ते भिंग डोळ्याला लावून बसले होते, ते काढून टेबलावर ठेवलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

म्हणाले, "चूक झाली ते मी सोडून दिलं असतं. पण तीन आठवडे मी त्या पोरीला नाही नाही ते बोललो, आणि तुम्ही समोर बसून मान हलवत होता."

त्यांनी बूट घातले. अजून चालताना भिंत धरावी लागते त्यांना. म्हटलं, कुठे निघालात? तर म्हणाले, तिची माफी मागायला, तुमच्यामुळे मला मागावी लागतेय. आणि पाकीटवाल्याच्या दुकानाकडे गेले. मी मागून गेले नाही. माझी वाट वेगळी आहे, ती मंडळाकडे जाते.

चार वाजता पाहुणे येतील. शिंपिणीने टेबलावर पाच डबे मांडलेत, माझ्या डोळ्यांना बांधायला तिच्या हाताने काठ शिवलेला रुमालही ठेवलाय. तिला आधी सांगितलं तर ती म्हणेल, पाहुणे जाऊ देत, मग बघू. ते गेल्यावर मीही म्हणेन, आता कशाला. म्हणून त्यांच्यासमोरच सांगणार. ते दुकान काढायला निघालेत, त्यांनी माझ्यासारखं नाकावर काढू नये. चिठ्ठ्या लावाव्यात, पत्र्यावर खिळ्याने कोरून लावाव्यात, काहीही करावं. आणि धांदलला परत घ्या म्हणणार. मला ठेवतील का, दुकानात लोक येतील का, मला माहीत नाही. कदाचित येणार नाहीत.

हे पत्र आत्ता, दुकानात जायच्या आधी, पेटीत टाकते. एकदा टाकलं की मला परत काढता येणार नाही, तेच हवंय. तुला परवा मिळेल. मिळालं की शिंपिणीला फोन करून विचार, आजी शनिवारी काय बोलली. बोलले असेन तर बरंच. नसेन, तर हेच पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव, आणि माझी कीव करून एकही ओळ गाळू नकोस.

दोन्ही बरण्या जिने भरल्या, ती
तुझी आजी