शैलाची लेझीम

कोल्हापूर, ९ ऑगस्ट १९७२

अंगठा ठणकतोय, तरी लिहितो. नृत्यातून राष्ट्र कसं घडतं, ते अभ्यासायला माझी विद्यार्थिनी शैला सेनेगलला निघालीय. त्याच शिष्यवृत्तीसाठी मीही अर्ज केला होता. जळतोय मी. या विषयावर वीस वर्षं सभा कुणी गाजवल्या?

तिथले लोक आधी तिलाच नाचायला सांगतील, म्हणून ती शिवाजी पेठेतल्या तालमीत लेझीम शिकतेय. आज पाहायला गेलो आणि तिच्या चुका काढू लागलो. वस्ताद म्हणाले, "सर, भाषण ऱ्हाऊ द्या की. ही घ्या लेझीम, दावा करून."

दुसऱ्याच पावलाला साखळीत अंगठा चिमटला. सगळी तालीम हसली. शैला हसली नाही. माझ्यासाठी हळू आवाजात ताल मोजत राहिली. हसली असती, तर रागावता तरी आलं असतं.