वाऱ्याचे वगळलेले दिवस

सर, तुमच्या सूत्राने गेले चार महिने मला वैताग आणलाय, आणि भांडायला तुम्ही नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, सूत्र मात्र अजून सगळे वापरतात. सूर्याकडून येणारा भारित कणांचा वारा आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र एकमेकांना रेटतात, त्यांच्यामधली सीमा कुठे असेल हे त्यातून काढायचं. वारा मंद असला की उत्तर चोख. तो जोरात सुटला की तुमची सीमा हट्टाने दूरच उभी, आणि उपग्रहाची मोजमापं सांगतायत की ती केव्हाच आत ढकलली गेली. तुमचा प्रोग्रॅम उघडला, तर त्यात राशींना दिलेली नावं काय, ए, एए, एएए. खुलासा एका ओळीचाही नाही. शेवटी बैठकीत मी सरळ म्हणाले, "सरांनी जोराच्या वाऱ्याचा विचारच केलेला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू?

कारण तुमची विद्यार्थिनी असतानाचा तो रविवार मी विसरले नव्हते. विभागातल्या पंख्याखाली कागद उडतात म्हणून तुम्ही मला बिबवेवाडीला घरी बोलावलंय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उपग्रहाचे छापील आलेख पसरलेत, पलीकडे काकू मटार सोलतायत. आलेखातली रेघ एकदम कोसळते किंवा उसळते, तिथे उपग्रहाने सीमा ओलांडलेली असते, तिथे मी लाल पेन्सिलीने खूण करतेय. जोराच्या वाऱ्यात सीमा मागेपुढे हलते, म्हणून एकाच दिवसावर चौदा खुणा झाल्यात. रागावलात की तुम्ही मला अहो-जाहो करायचात. "अहो बाई, एकच माणूस दारातून चौदा वेळा आत-बाहेर करतो, म्हणून घरात चौदा माणसं राहतात असं लिहिणार आहात का आपण? सरासरी काढा, एक धरा." काकू म्हणाल्या, "अहो, तिला चहा तरी पिऊ द्या." "चहा पिऊन चौदाचे एक होणार आहेत का?" स्वारगेटला बस बदलून कसब्यातल्या घरी पोचेपर्यंत माझे कान तापलेले होते.

दोन महिन्यांपूर्वी काकूंचा फोन आला. त्या मांजरी गावात लेकाकडे राहायला जातायत, तुमच्या कागदांचे गठ्ठे घेऊन जा म्हणाल्या. मी गेले आणि त्याच टेबलावर पहिला गठ्ठा सोडला. तळाशी जोराच्या वाऱ्याचे सगळे दिवस वेगळे बांधलेले. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात लिहिलंय, "गडबड. सोडून दिले." अक्षर माझं.

मग आठवलं. एकेका दिवसाची सरासरी काढायची म्हणजे एकेक संध्याकाळ जाणार होती, आणि मी तुमच्यावर चिडलेली. ते कागद मी तळाशी घातले आणि उरलेल्यांचा तक्ता तुमच्या हातात दिला. तुम्ही विचारलंत, "सगळे दिवस झाले?" मी म्हणाले, "हो सर." तुम्ही पुन्हा मोजलं नाहीत. का नाही मोजलंत? काकूंनी भाजीत घातलेलं मीठसुद्धा दोनदा विचारणारे तुम्ही, नेमका तेवढा एकदाच माझ्यावर विश्वास ठेवायचं काय नडलं होतं? निदान गठ्ठा उलटा करून तरी बघायचात!

काकू चहा घेऊन आल्या. "ह्यांच्या कामात काही चुकलं होतं म्हणे? परवा तुमच्यातलंच कोणीतरी बोललं."

"जुन्या कामात राहून जातं असं काहीतरी, काकू."

"बरं झालं, ऐकायला नाहीत. फार लागलं असतं त्यांना," त्या म्हणाल्या आणि कप माझ्याकडे सरकवला. मी चहा प्यायले.

ते सगळे दिवस मी धरले. तुम्ही सांगितलं होतंत तशीच सरासरी काढून, रोज संध्याकाळी एकेक. सूत्राची मांडणी तुमचीच ठेवली, फक्त आकडे नव्याने बसवले, आणि जोराच्या वाऱ्यात सीमा हवी तिथे आत आली. तुमच्या विचारात काही खोट नव्हती. परवा दुरुस्तीचा लेख पाठवला. आधीच्या मसुद्यात "निवडीत त्रुटी राहिली" असं होतं, म्हणजे कोणाची ते वाचणाऱ्याने ठरवावं. आता "विद्यार्थिदशेत मी हे दिवस वगळले" असं स्पष्ट लिहिलंय. बैठकीतही सांगितलं. मग पुढचा विषय निघाला.

पण काकू काही आमचे लेख वाचत नाहीत. लेकाच्या घरचा नंबर त्यांनी मला लिहून दिलाय. दोनदा फोन केला, आणि दोन्ही वेळा तब्येतीची चौकशी करून ठेवून दिला.