नावेतली मधली फळी

४ नोव्हेंबर
तीन धर्मांची माणसं एका नावेत गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मग मधली फळी सगळेच रिकामी का ठेवतात? मला उत्तर ठाऊक नाही. पण पहिला दिवस छान गेला. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच, आणि नोकरीही मनासारखी: या पाणथळीतल्या गावोगावी जाऊन बाळांची वजनं घ्यायची. दोन्ही काठांना जुनाट झाडांचं जंगल, मुळं थेट पाण्यात. एकीकडे देऊळ, समोर मशीद, वळणावर चर्च. नावाडीकाका तिन्हींना हात जोडतात. वादळात कोण जागा असेल सांगता येत नाही, म्हणाले. मी वजनकाटा मधल्या फळीवर ठेवला, तर त्यांनी तो हसतच उचलून माझ्या मांडीवर दिला. लेकरासारखा सांभाळा म्हणे, ताई.

६ नोव्हेंबर
आज नाव गच्च भरलेली. जंगलाच्या कडेला चिखलात एक बाई उभी होती, आईच्याच वयाची, नखशिखांत भिजलेली. कुणी तिच्याकडे बघेना. नाव काठाला घासून जात होती, मी हात पुढे केला आणि म्हटलं, या मावशी, इथे बसा. मधल्या फळीवर बसवलं. शेजारच्या आजोबांनी पाय आखडून घेतले. मावशींनी घरची चौकशी केली. मी सांगितलं: आई, धाकटी बहीण, स्टेशनमागची गल्ली, निळं दार. धक्क्यावर मी काटा उतरवेपर्यंत त्या निघूनही गेल्या. माणसाने माणसाला जागा द्यावी, यात एवढं अवघड काय?

७ नोव्हेंबर
काका माझ्याशी बोलत नाहीत. आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंना कालचं सांगितलं, तर त्यांनी हातातली नोंदवही मिटली. ती फळी पाण्याने नेलेल्यांची, म्हणाल्या. त्यांना जो बोलावून बसवतो, त्याच्या घरी ते राहायला जातात. मी म्हटलं, बाई, तुम्ही नर्स ना? त्या म्हणाल्या, नर्स नंतर झाले, आधी बहीण होते. त्यांच्या भावानेही अशीच एकाला जागा दिली होती. मग तो पाहुणा गेला का, मी विचारलं. हो, म्हणाल्या. भाऊ स्वतः त्या फळीवर जाऊन बसला, तेव्हा गेला.

मी हसले. नीट हसता आलं नाही.

९ नोव्हेंबर
आईचा फोन. तुझ्या कामावरच्या मावशी आल्यात, तूच बोलावलंस म्हणतात. बिचाऱ्या चिंब आहेत, कितीही पुसलं तरी अंग कोरडं होत नाही. तुझ्या खाटेवर झोपवलंय. मी म्हटलं, आई, आत्ताच्या आत्ता बाहेर काढ त्यांना. आई चिडली. शिकलीस ती माणसं हाकलायला का, म्हणाली.

११ नोव्हेंबर
धाकटीचा फोन. खोकते आहे. घरात घोट्यापर्यंत पाणी, चिखलाचा वास. आई उठत नाही. शेजाऱ्यांना फोन केला, पोलिसांनाही. निळं दार कुणालाच उघडत नाही. इथून घर दोन दिवसांवर. पुजारी, मौलवी, पाद्री, तिघांनाही भेटले. तिघांनी मान खाली घातली आणि एकच सांगितलं. नर्सबाईंनी सांगितलं होतं तेच.

१२ नोव्हेंबर
पाणी खाटेला लागलंय. धाकटीचा आवाज लांबून येतो, पाण्याखालून आल्यासारखा— मावशी तिचे केस विंचरतात म्हणे. हात गार—

१३ नोव्हेंबर, सकाळ
काटा नर्सबाईंना दिला. काकांना काही सांगावं लागलं नाही, त्यांनी नुसता हात दिला.

बसले आहे. फळी ओली आहे. आता मीही—

धाकटीचा फोन आला. मावशी न सांगताच गेल्या. आई उठून बसली, चहा मागतेय. ताई, तू आता घरी— ती पुढे काय म्हणणार ते कळलं. तिने बोलवायच्या आत मी फोन पाण्यात टाकला.

आजोबांनी पाय आखडून घेतले. काका मागे बघत नाहीत. पुढच्या धक्क्यावर एक नवी मुलगी चढली आहे, काठावरची देवळं बघून हसते. माझ्याकडे कुणीच बघत नाही, ती मात्र बघते. विचारू नये. पण निळं दार फार आठवतंय, आणि तिचं घर कुठे असेल, कोण कोण—