बाळाच्या नावावर

वेस्ट विंडसर
२७ एप्रिल २०२५

आईंना, इथूनच वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? इथे चेरी फुलल्यात. सकाळी गाडीच्या काचेवर पाकळ्यांचा थर असतो आणि तो पुसायला हात होत नाही. मी पोस्टातल्या कामावर वेळेवर जाते, जेवते, झोपते. तुम्ही पाठवलेली हिरवी साडी काल डोहाळजेवणाला नेसले. तुमच्या लेकाने, अनीशने, फोटो पाठवलेच असतील.

फोटोत मी हसतेय. त्याबद्दलच लिहायचंय, फोनवर जमत नाही.

आई, बाळाची कवटी तयारच झालेली नाही. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं, जन्मलं तर काही तासच जगेल. खूप रडलो आणि दोघांनी मिळून ठरवलं, आत्ताच थांबवायचं. पण अनीशची नोकरी गेल्यापासून आम्ही माझ्या पोस्टाच्या नोकरीतल्या सरकारी विम्यावर आहोत, आणि तो अशा कामाला पैसे देत नाही. माझ्या जिवाला धोका नाही म्हणे. बाळंतपणाचे मात्र देतो.

कुणाकडे मागायला तोंड उघडेना. त्यातच आठवडे गेले. शेवटी अनीश त्याच्या मित्राकडे, गिरीशकडे गेला आणि ‘बाळासाठी हवेत’ एवढंच बोलला. गिरीश म्हणाला, "काँग्रॅट्स यार! आधी सांगायचं ना!" पैसे जमवायला त्यालाही वेळ लागला, बातमी मात्र त्याच दिवशी गावभर झाली. त्याच्या बायकोने, नीनाने, हौसेने डोहाळजेवण ठरवलं. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मला झोपाळ्यावर बसवलं, फुलांचे दागिने घातले. बायका गात होत्या आणि मला सगळं पाण्याखालून ऐकल्यासारखं वाटत होतं. खरं सांगते, छान वाटत होतं. थोडा वेळ मी विसरलेच. मग नीनाने झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या. "उघड ना, पेढा की बर्फी?" पेढा निघाला. ‘मुलगा, मुलगा’ म्हणत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आई, तेव्हा ते पहिल्यांदा हललं.

तिसऱ्या महिन्यात गेलो असतो तर मला हे कळलंच नसतं. आता हात आपोआप पोटावर जातो. मी त्याच्याशी बोलते. स्वप्नात त्याचं कपाळ चांगलं रुंद असतं, अनीशसारखं.

पैसे आलेत, उद्या सकाळी आम्ही दवाखान्यात जातोय. हे पत्र पोचेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल. रागवा, हवं तर काही दिवस बोलू नका. फक्त ‘दुसरं होईल’ असं म्हणू नका. मला हेच हवं होतं.

आजच्या दिवसापुरती त्याची आई,
तुमची हिमानी