डोलत्या टेबलावरचा फोटो

आप्पा, आज तुमचा फोटो मी ऑफिसच्या भिंतीवरून काढला आणि हारासकट डोलत्या टेबलावर बांधायला सांगितला. कामगारांना वाटलं, मोठ्या टेस्टला ताईंना वडिलांचा आशीर्वाद हवाय. त्यांनी हात जोडले, मीही जोडले. खरं सांगू? मला तुम्हाला मळमळायला लावायचं होतं. कसारा घाटात एसटी वळली की तुमचं तोंड पिवळं पडायचं आणि पिशवी मी धरायची, आठवतं? म्हटलं, आज दिवसभर डोला.

टेबल कशाला ते सांगते, नाहीतर तिथूनही ओरडाल. समुद्रात आता तरंगत्या पवनचक्क्या उभ्या करतात. पाणी इतकं खोल की खांब तळाला टेकत नाही, म्हणून चक्की तराफ्यावर आणि तराफा साखळ्यांनी बांधलेला. तो लाटेबरोबर हलणारच. वीज केबलमधून तळाशी उतरते, तिथून किनाऱ्यावरच्या सबस्टेशनात आणि मग ग्रीडमध्ये. केबलला तराफ्यापाशी धरून ठेवणारी पकड आपल्या अंबडच्या शेडमध्ये बनते. हो, तुमच्याच शेडमध्ये. टेबल म्हणजे लाट, फरशीतला खांब म्हणजे समुद्राचा तळ. मधली केबल मी मुद्दाम सैल सोडलीय, पोट काढून. आज पकड टिकली नाही तर काम जाणार आणि शेडला कुलूप लागणार होतं.

सैल. हा शब्द तुम्ही विसरला नसाल. मी नुकती डिप्लोमा करून आले होते, पहिलं इलेक्ट्रिक पॅनेल माझ्या हातचं. बिजागरीपाशी प्रत्येक वायर जरा सैल ठेवली होती, दार उघडताना ओढ बसू नये म्हणून. तुम्ही कटर मागवलं आणि सगळ्यांसमोर एकेक वायर कापत गेलात. "वायर तंग पाहिजे, तंग! या काय झिपऱ्या सोडल्यात? पोरीच्या हाती काम दिलं की हे असं." सगळे हसले. मी फरशीवरचे तुकडे गोळा करते आहे आणि तुम्ही चहा सांगताय. मलाही दिलात. तो चहा अजून माझ्या घशाखाली उतरलेला नाही.

तुमचे फोरमनमामा अजून कामावर आहेत. फोटो त्यांनीच बांधला, तुम्ही शिकवलं तसा. वरून टेबलाच्या दांड्याला, खालून फरशीतल्या खांबाला, तार पक्कडीने पिळून. "ताई, आप्पांना डुगडुग सोसायची नाय. लय तंग बांधलाय, आता हलायचा नाय." मी बघितलं. काय होणार ते मला कळत होतं. तरी बोलले नाही, बटण दाबलं.

टेबल पूर्ण कललं, खांब जागीच, आणि तुमची तार पहिल्याच हेलकाव्याला तुटली. सगळ्यांसमोर, आप्पा! काय गार वाटलं म्हणून सांगू. माझी केबल संध्याकाळपर्यंत आरामात डोलत होती, पकडीवर साधा ओरखडा नाही. काम आपल्याकडेच राहिलं. मामा डोकं खाजवत म्हणाले, "तार सैल पाहिजे व्हती." हेच ऐकायचं होतं मला, पण तुमच्या तोंडून.

हे पत्र ड्रॉवरमध्येच राहणार, टाकायचं तरी कुठे? एक मात्र मघाशी लिहायचं टाळलं. तार तुटली तेव्हा फोटो फरशीवर आपटून फुटायला हवा होता, त्यासाठीच तर मी गप्प बसले होते. झेलला मीच.