मधला स्पीकर

जळगाव,
रामनवमीचा दुसरा दिवस

ती. बेबाअक्का,
सविताचा वाकून नमस्कार.

असोद्याच्या घराच्या गच्चीवर आपण दोघी वाळवणाचे बिबडे घालत होतो, ती सकाळ तुम्हाला आठवते का? माझ्या लग्नाला दोन महिनेही झाले नव्हते आणि तुम्ही आखाजीच्या सणाला माहेरी आला होतात. ज्वारीच्या गरम घाट्याने माझे हात भाजत होते. एक घोट चहा मिळाला तर किती बरं होईल, असं मी तुमच्या अगदी कानाशी म्हणाले. (नव्या सुनेने सकाळी नऊ वाजता दुसरा चहा मागायची त्या घरात पद्धत नव्हती.) पाच मिनिटांत हे जिन्याने वर आले, हातात किटली आणि दोन कप. माझ्याकडे न बघता म्हणाले, "अक्का, तुला चहा पाहिजे होता ना?" हे खाली अंगणात आबांचा रेडिओ उघडून बसले होते. कुठे अंगण, कुठे गच्ची! तुम्ही हसता हसता एक बिबडा फाडलात आणि म्हणालात, "ही बोलते मांजरीसारखी, आणि याला बरं ऐकू जातं!"

तर अक्का, तुमचे गुडघे कसे आहेत? भाऊंची साखर ताब्यात आहे ना? धुळ्यात ऊन कसं आहे हे विचारत नाही, इथे कसं आहे त्यावरून कळतंच. माझी तब्येत ठीक आहे. यांची त्याहून ठीक आहे. आमच्या घरात फक्त होम थिएटर आजारी आहे आणि गेले सहा महिने आम्ही त्याच्याच औषधपाण्यात आहोत.

तुम्ही म्हणाल, घरात फोन असताना या बाईने पत्र का लिहिलं. फोनवर तुम्हाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले की माझं बोलणं समोरच्या बंगल्यात ऐकू जातं, खालच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जातं, परवा तर त्याने मला तुमच्या गुडघ्यांसाठी तेलही सुचवलं. माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला तेवढं जात नाही. पण तो भाग पुढे येईल. सिस्टर बेनेडिक्टा आम्हाला शिकवायच्या की पत्रात दुःखाची गोष्ट पहिल्या पानावर लिहू नये, वाचणाऱ्याला आधी बसू द्यावं. बसलात ना?

सुरुवात झाली दिवाळीत. हे म्हणाले, सिनेमातली माणसं हल्ली पुटपुटतात. मी म्हटलं, हल्लीचे नट तसेच. मग यांनी जुना सिनेमा लावला, तर जुने नटही पुटपुटू लागले. म्हणजे दोष टीव्हीचा. टीव्ही तपासला, तो निर्दोष सुटला. मग दोष कूलरचा, कारण तो घरघरतो. अक्का, फेब्रुवारीतच तापलेल्या जळगावात कूलर बंद करून, खिडक्या लावून, पंचा ओला करून डोक्यावर घेऊन सिनेमा बघणारं आमच्याशिवाय दुसरं जोडपं नसेल. नायिका काश्मीरात बर्फात नाचत होती आणि आम्ही दोघं बघता बघता वितळत होतो. हे म्हणाले, "कूलर बंद केला तरी नाही येत गं आवाज." तेव्हा ठरलं की होम थिएटरच म्हातारं झालं आहे. यांच्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं ते, पाच छोटे स्पीकर आणि एक मोठा डबा. (डब्याचं खरं नाव सबवूफर. मी त्यावर बसून मेथी निवडते, उंची बरोबर आहे.)

नवा कूलर घ्यायला म्हणून पंधरा हजार बाजूला ठेवले होते, त्यातच सगळं बसवायचं असं यांनी जाहीर केलं. पुण्याहून हितेंद्र म्हणाला, पप्पा, एक साउंडबार घ्या, पट्टीसारखा असतो, टीव्हीखाली ठेवायचा, विषय संपला. हे म्हणाले, पाच जणांचं काम एक पट्टी कशी करणार? पाटबंधारे खात्यात यांनी तीस वर्षं एकाच माणसाला पाच जणांचं काम करताना पाहिलं आहे, त्यामुळे त्यावर यांचा विश्वास उरलेला नाही.

मग गोलाणी मार्केटमधला भटू आमच्या आयुष्यात आला. भटू तिशीतला, दुरुस्तीच्या कामात हुशार, आणि खोटं न बोलणारा, हे विशेष. तो म्हणाला, नवा ॲम्प्लिफायर तुमच्या पैशात येणार नाही, पण चोपड्याला एका केळीवाल्याकडे चांगला जुना आहे, तो मुलासाठी मोठा घेतोय. आम्ही दोघं एसटीने चोपड्याला गेलो. त्या गृहस्थांनी खात्री पटावी म्हणून लढाईचा सिनेमा लावला, तर गोठ्यातली गाय दावं तोडून केळीच्या बागेत गेली. तिला धरून आणेपर्यंत व्यवहार ठरला होता. येताना ॲम्प्लिफायर केळीच्या पानांत गुंडाळून यांनी मांडीवर घेतला, लेकीला सासरहून आणावं तसा. मला बाई म्हणून अर्धं तिकीट, यांना वय झालं म्हणून अर्धं, आणि ॲम्प्लिफायरला कंडक्टरने पूर्ण लावलं. हे जळगावपर्यंत त्याच्याशी वाद घालत होते. कंडक्टर सांगत होता की वजनदार सामानाचा नियम आहे, आणि हे म्हणत होते, कोण म्हणतं माझा मान नाही? सगळी गाडी हसली. मीही हसले, अक्का. तेव्हा मला वाटलं गाडीच्या आवाजामुळे झालं असेल.

घरी आल्यावर स्पीकरच्या जागा बदलायचं निघालं. यांनी सुतळीने माप घेतलं, खुर्चीपासून प्रत्येक स्पीकर सारख्या अंतरावर हवा म्हणे. मागचे दोन भिंतीवर चढले, त्यांतल्या एकाला नेमका आबांच्या फोटोचा खिळा मिळाला. फोटो त्याच्याच पुढ्यात कपाटावर टेकवून ठेवला आहे. हल्ली आबांच्या मागून घोडे दौडतात, विजा कडाडतात, एकदा तर एका बाईचं रडणं आलं आणि मी हात जोडले. यांना त्यातलं काही वेगळं वाटलं नाही. हे म्हणाले, घोडे ठीक आहेत, बोलणं तेवढं येत नाही.

भटूने समजावून सांगितलं की सिनेमातलं बोलणं जास्त करून मधल्या स्पीकरमधून येतं, बाजूच्यांतून गाणी आणि गडगडाट. तेव्हा मधला चांगला घ्या, बाकीचे असू द्या. उरलेल्या पैशात तो बसला. भटूने येऊन जोडला, एका सिनेमातला आई-मुलाचा संवाद लावला आणि आवाज वाढवत नेला. तावदानं थरथरली. समोरच्या बंगल्यातल्या वहिनींनी खिडकी लावून घेतली. इस्त्रीवाला वर आला आणि विचारून गेला की कोणी भांडतंय का. हे खुर्चीत पुढे वाकून, डोळे बारीक करून ऐकत होते. शाळेत मागच्या बाकावरची मुलगी फळ्याकडे बघते ना, तसे. म्हणाले, "अजून थोडा."

भटूने माझ्याकडे पाहिलं. मग वायरीशी खाली वाकून, जमिनीकडे बघत, हळूच म्हणाला, "काकू, मशीन बठ्ठं बराबर शे. आते मी काय बदलू?"

यांची पाठ आमच्याकडे होती. "काय म्हणतोय भटू?" यांनी विचारलं.

आणि मी म्हणाले, मोठ्याने, दोनदा, "वायर बदलावी लागेल म्हणतोय. दहा मीटर."

भटूने दुसऱ्या दिवशी दहा मीटर नवी वायर आणून टाकली. पैसे घेतले नाहीत. काकू, ही वायर माझ्याकडून, एवढंच म्हणाला आणि चपला हातात घेऊनच जिना उतरला.

अक्का, मशीन सगळं ठीक आहे हे कळूनही मी का खोटं बोलले ते तुम्हालाच कळेल. आबा आठवतात ना शेवटची सहा वर्षं? आबांना ऐकू येत नाही असं घरात कोणी कधी म्हणालं नाही. फक्त सगळे हळूहळू म्हणायला लागले, "आबांना नंतर सांगू." तुमच्या रूपालीचं लग्न ठरलं ते आबांना पत्रिका छापून आल्यावर कळलं. ते ओट्यावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसायचे, समजलं असो वा नसो. एकट्या यांनी ते चालू दिलं नाही. कचेरीतून आले की पाटी घेऊन आबांच्या शेजारी बसायचे, आणि दिवसभरातलं सगळं लिहून दाखवायचे: गाय व्याली, बाजारात केळीला भाव नाही, नळाला पाणी आलं नाही, सविताने आज मीठ जास्त टाकलं. आबा वाचायचे, हसायचे, पुसायचे आणि पाटी परत पुढे करायचे. तो माणूस आता स्वतः ओट्यावर जाऊन बसेल, हे मला म्हणवलं नाही. वायर म्हणणं सोपं होतं.

आणि मी निभावूनही नेलं असतं. मला मोठ्याने बोलायची सवय नाही. म्हणून मी बोलणंच कमी केलं, यांना वाटलं मी वयाने शांत झाले. पण होळीला हितेंद्रकडचे आले होते. भूमिका आता सात वर्षांची आहे. ती यांच्या मांडीवर चढली, गळ्यात हात टाकले आणि कानात काहीतरी सांगितलं. मी शेजारीच वाटाणे सोलत होते, मला ऐकू आलं. ती म्हणाली, "आजोबा, मला शाळेत कोणीच खेळायला घेत नाही." हे जोरात हसले, तिची पाठ थोपटली आणि म्हणाले, "वा! शाब्बास!"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती मांडीवरून उतरली.

परवा तिचा फोन आला. तिला एक मैत्रीण मिळाली आहे, हिच्या डब्यातली चटणी तिला आवडते. मी म्हटलं, थांब, आजोबांना देते, त्यांना सांग. ती म्हणाली, "नको आजी. आजोबांना नंतर सांगू."

अक्का, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं हो.

बाकी सर्व ठीक. भाऊंना नमस्कार, रूपालीला आशीर्वाद. उन्हाचं बाहेर पडू नका.

तुमची
सविता

ता. क. कूलर जुनाच आहे. पाण्याची मोटर चालते, पंखा अधूनमधून. तेव्हा आखाजीला येताना सुती लुगडीच आणा.

ता. क. (खरं कामाचं हे आहे.) दिवाळीत तुम्ही मला स्टीलच्या डबीतलं कानाचं मशीन दाखवलं होतंत. रूपालीने करून दिलेलं, लवंगांत ठेवलेलं, आणि माझ्याकडून वचन घेतलं होतंत की माहेरी कोणाला कळता कामा नये. मी ते पाळलं आहे. या आखाजीला ते मशीन कानात घालून या. डबीत नको, कानात. पदर मागे घ्या आणि केस वर बांधा, म्हणजे यांना दिसेल. डॉक्टरचं हे ऐकणार नाहीत, हितेंद्रचं नाही, माझं तर ऐकूच जात नाही. पण लहानपणापासून तुम्ही जे घातलंत ते यांना हवं असायचं, तुमची लाल फीतसुद्धा सोडली नव्हती असं आबा सांगायचे. तुम्हाला किती जड जाईल ते मला ठाऊक आहे. तरी मागते आहे.

ता. क. भटू तो चोपड्याचा ॲम्प्लिफायर विकून द्यायला तयार आहे, तिकडचंच दुसरं गिऱ्हाईक आहे. त्या पैशांत कानाची तपासणी आणि सुरुवातीचे पैसे भागतील. तेव्हा तुम्ही आलात की वाटणी आपण दोघी करू. मीच केली तर हे म्हणतील मी घर विकते आहे. पुढचे दोन स्पीकर असोद्याच्या वाचनालयाला. मागचे दोन भटूला, वायरीबद्दल, आणि त्याने नाही म्हटलं तर तुम्ही रागवा. आबांचा फोटो परत त्याच्या खिळ्यावर. डबा माझा, मेथीसाठी. मधला स्पीकर कुठेही जायचा नाही, तो यांच्या खुर्चीसमोरच राहील, भटू तो जुन्या डब्यालाच जोडून देईल, यांना त्याचं काम अजून पडणार आहे. बिबडे अर्धे तुम्हाला, अर्धे भूमिकेला.

आणि हे पत्र यांना. माझ्याकडून तोंडावर सांगणं होत नाही. सांगायचं तर ओरडावं लागेल, आणि असलं ओरडून सांगता येत नाही. वाचायला यांचे डोळे अजून चांगले आहेत. वायरीचंही वाचू द्या. तेव्हा मी वर गच्चीवर बिबडे घालत असेन. पत्र वाचून झालं की किटली आणि दोन कप यांच्या हातात द्या, आणि सांगा, सविताने चहा मागितला आहे.